सहा कोंबड्यांचं बांधकाम खातं

काळ्या मातीत बांधकाम करायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, अशी टीप मी नोकरीत असताना कितीतरी नकाशांच्या कोपऱ्यात लिहिली. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्या भरवशावर उभी केलेली भिंत चार-दोन वर्षांत मान टाकते. नियम उत्तम आहे. तो कोंबड्यांच्या खुराड्याला लावू नये असं कुठेही छापलेलं नव्हतं, म्हणून मी लावला. कराड तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव, तिथली काळी माती चांगली खोल. साडेतीन फुटांवर मुरूम लागला तेव्हा खड्ड्यात उकिडव्या बसलेल्या गवंड्याची फक्त टोपी वर दिसत होती. त्या टोपीखालून आवाज आला, "सायेब, कोंबड्या ठेवायच्या हायत्या का हत्ती?"

मी साहेब नव्हे, हे आधी सांगून टाकतो. एका सरकारी खात्यात मी आरेखक होतो. साहेब लोक जागेवर जाऊन मोजणी करून आणत आणि मी नकाशा काढत असे. त्यातही धरणं, पूल, विश्रामगृहं असली भारदस्त कामं माझ्या टेबलावर कधी आली नाहीत. माझ्याकडे मोऱ्या. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी पलीकडे न्यायला जी बांधतात ती मोरी. लोक तिच्यावरून रोज जातात, पण ती आहे हे त्यांना कळतं ती वाहून गेल्यावर. एवढ्या वर्षांत चार भिंती आणि वर छप्पर असं काही आपल्या हातून उतरलं नाही, ही रुखरुख घेऊन मी निवृत्त झालो. गावी येऊन राहिल्यावर एका सकाळी बायको म्हणाली, "परसात पाच-सहा कोंबड्या पाळू या का? घरची अंडी तरी होतील." तिच्या वाक्यात कोंबड्या होत्या, अंडी होती. मला ऐकू आली ती इमारत.

बायकोच्या डोळ्यांसमोर होतं डालगं. तिच्या माहेरी कोंबड्या डालग्याखालीच असत. तिन्हीसांजेला त्या आपापल्या आल्या की डालगं पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा आणि सकाळी उचलायचं. मी तिला समजावून सांगितलं, की डालगं ही तात्पुरत्या स्वरूपाची व्यवस्था झाली. ती म्हणाली, "आमच्या आईची तात्पुरती व्यवस्था चाळीस वर्षं चालली." हा मुद्दा मी कार्यवृत्तात घेतला नाही.

मग पुस्तिका जमवल्या आणि वाचल्या. परसातल्या एका कोंबडीला रात्रीपुरती दोनेक चौरस फूट जागा पुरते, असं त्यांत होतं. म्हणजे सहा जणींना बारा चौरस फूट. एवढ्या जागेत माझ्या नकाशाचा शीर्षकाचा चौकोनही मावला नसता. तेव्हा 'भविष्यकालीन वाढ' या जुन्या, विश्वासू सदराखाली मी लांबी आठ फूट आणि रुंदी पाच फूट धरली. उंची मात्र चारच फूट ठेवली, कारण आणखी वाढवली तर ग्रामपंचायत त्याला खोली समजेल आणि घरपट्टी लावेल, अशी मला धास्ती होती. दार दोन फूट बाय दोन फूट. गटाराच्या मॅनहोलचा आकार हाताला बसलेला असतो, तो आपोआप कागदावर उतरतो.

जोत्याचा प्रश्न गंभीर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला जो पूर आला, त्याचं पाणी आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. परसात ते आलं नव्हतं. पण पूररेषा दाखवल्याशिवाय माझी पेन्सिल पुढे सरकत नाही. जोतं पूररेषेच्या दोन फूट वर घेतलं. छपरावरच्या पाण्याचा विसर्ग काढायला मी इंग्लिस यांचं सूत्र वापरलं. क्लॉड इंग्लिस हे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात काम केलेले ब्रिटिश अभियंते. पश्चिम घाटातून येणाऱ्या नद्यांच्या पुराचा अंदाज त्यांच्या सूत्रानं बांधतात. त्यात पाणलोटाचं क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घालायचं असतं. खुराड्याचा पत्रा चौरस किलोमीटरमध्ये मांडताना दशांशचिन्हापुढे पाच शून्यं द्यावी लागली, तेव्हा कुठे पहिला आकडा आला. उत्तर निघालं तेही असं, की एक साधी पन्हळ पुरेल. ती गवंड्यानं आदल्या दिवशीच लावून ठेवली होती.

आणि अर्थात मी एक मोरी ठेवली. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, चार इंची पाइप, उतार शंभरास एक. खुराडं रोज पाण्यानं धुवायचं, पाणी पाइपातून बाहेर पडायचं, ते पुढे बायकोच्या कोथिंबिरीला जायचं. हा पाइप म्हणजे त्या नकाशातलं माझं सगळ्यात लाडकं काम. शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "पाइप कशापायी वं? कोंबड्यास्नी आंघुळी घालनार व्हय?" मी हसलो. आक्काही हसल्या. दोघांची हसण्याची कारणं वेगळी होती, हे मला नंतर उमगलं. खुराड्यात पाणी म्हणजे रोगाला आमंत्रण. जमीन कोरडी ठाक हवी, तिच्यावर भाताचं तूस नाहीतर भुईमुगाची टरफलं पसरायची, ती अधूनमधून हलवायची आणि ओली झाली की बदलायची. कोंबडी आंघोळ करते ती धुळीत. भुसभुशीत माती बघून ती लोळते, पंखांत धूळ भरून घेते, मग झटकते, म्हणजे अंगावरच्या उवा-पिसवा जातात. आमच्याकडे भुसभुशीत माती फक्त कोथिंबिरीच्या वाफ्यात होती.

अंदाजपत्रक मी तीन प्रतींत केलं. बायकोनं मंजुरीच्या रकान्यात 'कशाला?' एवढाच शेरा मारला, तो मी 'तत्त्वतः मान्य' असा वाचला. सगळं मिळून खर्च गेला अडतीस हजारांवर. कोंबड्या आल्या साडेचारशेला एक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मला तोंडावर ऐकवण्यासाठी गावात चढाओढ लागली. पोस्टमननं ऐकवली, दूधवाल्यानं ऐकवली, गुरवानं तर देवळात घंटा वाजवता वाजवता ऐकवली. मी प्रत्येकाला हिशेब दाखवला. म्हणीत कोंबडीला मसाला एकास तीन आहे, आमच्याकडे ते प्रमाण एकास चौदा पडतं, तेव्हा ही म्हण या कामाला लागू होत नाही.

गवंड्याचं शेवटचं बिल मात्र मी अडवलं. बाहेरच्या गिलाव्याचे पैसे दिले, कारण तो मी टेप लावून मोजला होता. आतला गिलावा त्यानं पंच्याऐंशी चौरस फूट लावला होता. मी म्हटलं, प्रत्यक्ष मोजमाप झाल्याशिवाय देयक निघत नाही. तो म्हणाला, मग मोजा. मी त्या दोन फुटी दाराकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांचा विचार केला, आणि 'मोजमाप प्रलंबित' असं लिहून वही मिटली.

आता कोंबड्या. माझा अभ्यास दांडगा होता. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज, झाबुआकडचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कडकनाथाचं नाव मी आक्कांपुढे काढलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या या पट्ट्यात कडकनाथाच्या नावानं किती जणांचे हात पोळले हे २०१९ पासून सगळ्यांना पाठ आहे. शेवटी आक्काच आठवडी बाजारात आमच्याबरोबर आल्या. तलंगा उचलून त्यांची नखं, डोळे आणि वजन बघून त्यांनी सहा गावरान माद्या निवडल्या. मी तक्ता घेऊन गेलो होतो, त्यावर आम्ही पिशवी ठेवली.

वास्तुप्रवेशाच्या संध्याकाळी मी दार उघडून बाजूला उभा राहिलो. अंधार पडू लागला. कोंबड्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, मग शेवग्याकडे पाहिलं, आणि एकेक करून शेवग्यावर चढल्या. हे त्यांच्या रक्तातच आहे. कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियातल्या जंगलातला तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो राखी रानकोंबडा त्याचा चुलता. ही मंडळी दिवसभर जमिनीवर उकरतात आणि रात्री झाडावर झोपतात, कारण खाली रात्री कोण कोण फिरतं ते त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडच्या उसात तर आता बिबट्याही मुक्कामाला असतो. तेव्हा आपण आणलेल्या सहाजणींनी, हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या शिफारशीवरून, माझं पूररेषेच्या वरचं जोतं नाकारलं. मी शिडी लावली. शेवग्याची फांदी कशी असते हे मराठी माणसाला सांगायला नको. मोडलेल्या फांदीसह मी वाफ्यात उतरलो. कोथिंबिरीचं जे काही शिल्लक होतं ते तिथेच संपलं.

उपाय आक्कांनीच सांगितला. आठवडाभर आतच कोंडा, दाणापाणी आत द्या, मग त्यांना ते घर वाटेल. तसं झालंही. मात्र घर वाटलं म्हणजे घरासारखं वागल्याच असं नाही. बसण्यासाठी मी आडवा लोखंडी पाइप बसवला होता, जिन्याच्या कठड्याला असतो तसा, घासून गुळगुळीत केलेला. त्यावर कोंबडी चढली की पुढे किंवा मागे घसरे. त्यांना पकडीला खरबरीत लाकूड लागतं, दोनेक इंच रुंद, कडा मारलेल्या. शिवाय अंडी घालायच्या पेट्या मी कठड्याच्या वर बसवल्या होत्या, 'हवेशीर' म्हणून. कोंबडी झोपायला नेहमी सगळ्यात उंच जागा धरते. साहजिकच सहाही जणी पेट्यांत झोपत, रात्रभर तिथेच घाण करत आणि सकाळी त्या घाणीत अंडं घालायला नकार देत. पेट्या खाली आणि कठडा वर, असा बदल करावा लागला. सुधारित नकाशा क्रमांक दोन.

त्या कठड्यावर कोण कुठे बसणार याचा निर्णय माझ्या हातात नव्हता, आणि ते बघताना मला नोकरीत परतल्यासारखं वाटलं. टोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२१ मध्ये दाखवून दिलं, की कळपात कोण कोणाला टोचू शकते याची पायरी ठरलेली असते. पहिली सगळ्यांना टोचते, शेवटचीला सगळ्या टोचतात. यात शोध कसला, हे मला कळलं नाही. आमच्या खात्यात ही यादी दर जानेवारीत टंकलिखित होऊन फळ्यावर लागत असे. मी लगेच पदं वाटली. तांबूस, मानेवर सोनेरी पिसं असलेली ती अधीक्षक अभियंता. तिच्या खाली कार्यकारी, मग उपअभियंता, दोन शाखा अभियंता, आणि सगळ्यात शेवटी, दाण्याच्या ताटलीपाशी सर्वांची पोटं भरल्यावर येणारी, हजेरी सहायक. अधीक्षक माझ्याही पायाला टोचत असे. हजेरी सहायकही टोचून पाहू लागली, तेव्हा यादीत माझी जागा कुठे लागते ते स्पष्ट झालं.

पुढची तक्रार वासाची. चोर, मांजर, पाऊस आणि पूर या चौघांना रोखण्यासाठी मी खुराड्याला नऊ इंची दोनच झरोके ठेवले होते. पंधरवड्यात आत डोळ्यांना झोंबणारा अमोनिया साठला. विष्ठा ओल धरते, ओलीतून अमोनिया सुटतो, आणि हवा खेळती नसेल तर कोंबड्यांना श्वासाचे आजार होतात. पुन्हा गवंडी. त्यानं मौन पाळून लांबीची भिंत फोडली, सहा फूट बाय दीड फुटाची खिडकी काढली आणि तिला अर्ध्या इंचाची जाळी मारली. हे काम त्यानं फुकट केलं. जाताना एवढंच म्हणाला, "आतलं माप आता कमी झालं बगा, खिडकीचं वजा व्हईल. प्रामानिकपने सांगतो."

पहिलं अंडं आलं तेव्हा बायकोनं ते देवापुढे ठेवायचं का, यावर थोडी चर्चा झाली. शाकाहारी देव कोणते यावर एकमत न झाल्यानं ते तव्यावर गेलं. अंड्यांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं, आणि ते कधीच जुळलं नाही. कारण कोंबडीला एक अंडं तयार करायला चोवीस नव्हे, साधारण पंचवीस तास लागतात. त्यामुळे ती रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा येते, उशीर वाढत वाढत दुपार कलते, आणि मग ती एक दिवस सरळ रजा टाकते. या बाबतीत सहाही जणी वर्ग एक अधिकाऱ्यांच्या तोडीच्या होत्या. पुढे दिवस लहान होऊ लागले की रजा आणखी वाढते. नेटानं अंडी घालायला त्यांना चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आमच्याकडे डिसेंबरात तो अकरा तासांच्या आसपास येतो. त्यात हजेरी सहायक मध्येच खुडूक झाली. कोंबडा नाही, फलित अंडं नाही, तरी रिकाम्या पेटीत पिसं फुलवून बसली. हात लावला की गुरगुरे. एकवीस दिवसांची तिची हक्काची रजा. आक्का म्हणाल्या, नाकात पीस घाला, उठते का न्हाई बगा. बायको म्हणाली, तिला बसायचंय तर बसू दे, या घरात एकीला तरी बसायला मिळू दे. मी गप्प राहिलो.

अंडी गोळा करायची रीत सांगायलाच हवी. पेट्या मागच्या भिंतीला, दार पुढच्या भिंतीला, मध्ये आठ फूट. आत शिरायचं नाही हे ठरलेलं. म्हणून मी दाराबाहेर ओटीवर पालथा पडून आंबे काढायच्या झेल्यानं अंडी ओढत असे. लांब काठी, पुढे जाळी, आत अंडं. पहिल्या काही दिवसांत झेल्याला लागून बरीच फुटली. हात बसला तसा मी त्यात तरबेज झालो, आणि आळीतली पोरं शाळेत जाताना थांबून बघू लागली.

मग अंडी नाहीशी होऊ लागली.

सकाळी पेटीत दिसलेलं अंडं दुपारी नसे. प्रथम संशय कोंबड्यांवर. चुना कमी पडला की कोंबड्या स्वतःची अंडी फोडून खातात, हे मी वाचलं होतं. शिंपल्यांची पूड आणली, वाटीत ठेवली, त्यांनी आनंदानं खाल्ली. अंडी जातच राहिली. मग संशय पोरांवर, मग क्षणभर बायकोवर. तिनं सांगितलं, की ती अंडी घेते तेव्हा मला खायला घालते, तेव्हा चोरी सिद्ध करायची तर आधी पुरावा पचवलेल्या इसमाला पकडावं लागेल. शेवटी एका दुपारी मी चिंचेखाली खाट टाकून, वर्तमानपत्राला भोक पाडून पहारा दिला. उन्हानं डोळा लागत होता. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातल्या पाइपातून एक राखी नाक बाहेर आलं. मग डोकं. मग अख्खं मुंगूस, तोंडात अंडं धरून, अत्यंत सावकाश, शंभरास एक उतारानं खाली आलं.

नोकरीत मी एवढ्या मोऱ्या काढल्या. त्यांतली एकही, नकाशात दाखवलं होतं तशी, बिनतक्रार वाहताना मी पाहिली नव्हती. कुठे गाळ भरला, कुठे पाणी बाजूनंच गेलं. आणि इथे माझ्या मोरीतून, आखलेल्या उतारानं, आखलेल्या दिशेनं वाहतूक चालू होती. खरं सांगायचं तर राग येण्याआधी मला जरा बरं वाटलं.

पाइप बंद करायला हवा होता. पण मोरी बंद करायची ती नेहमी वरच्या अंगानं, पाणी शिरतं त्या तोंडाशी. खालून बुजवली तर दाब येऊन बूच निघतं. हा धडा मी नव्या मुलांना शिकवला आहे. वरचं अंग म्हणजे खुराड्याच्या आत. बायको भजनाला गेली होती. मी सिमेंटचं घमेलं आणि अर्धी वीट आत सरकवली, शर्ट काढला, आणि आधी डोकं, मग एक खांदा, मग श्वास सोडून दुसरा खांदा, असा त्या दोन फुटी दारातून टप्प्याटप्प्यानं आत गेलो. पाय आत ओढून घेतले आणि मागे दार लागलं. खट्ट.

ती कडी माझीच. दार लोटलं की आपोआप पडते, म्हणजे घाईत कडी लावायची राहिली असं होऊ नये. उघडते फक्त बाहेरून. नकाशात मी तशी स्पष्ट टीप दिली आहे.

चार फूट उंचीच्या जागेत पाच फूट आठ इंचाचा माणूस कसा बसतो, याला आसनांत नाव नसावं. खाली टरफलं, वर तापलेला पत्रा. सिमेंटचं घमेलं शाखा अभियंत्यांनी उलटं केलं. कठड्यावरून अधीक्षक माझ्या टकलाकडे एक डोळा लावून बघत होती. पेटीतून हजेरी सहायक गुरगुरत होती. मोबाइल बाहेर ओटीवर शर्टाच्या खिशात वाजत होता. त्याची धून भूपाळीची आहे, ती त्या दुपारी मी पुरी ऐकली, आणि ती परत सुरू झाली तीही ऐकली. आरडाओरडा करावा तर आक्का येतील. आक्का आल्या की आळी येणार. मी बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं जाळीबाहेर टोपी दिसली.

"सायेब?"

"हो."

"आत हायसा व्हय?"

"कडी काढा."

गवंड्यानं कडीकडे बघितलं, हात लावला नाही. "आपोआप पडती न्हवं? मी तवाच म्हनलं हुतं, आतनं बी एक मूठ ठेवू. तुमी म्हनला, कोंबड्यास्नी मूठ कशाला."

"काढा म्हणतो ना!"

तो शांतपणे ओटीवर बसला, चंची काढली, तंबाखू मळायला लागला. "मी त्या बिलाचं इचारायला आल्तो."

"उद्या देतो."

"न्हाई न्हाई, घाई न्हाई. तुमीच म्हनला हुता, माप घेतल्याबिगार पैसं न्हाईत. बराबर हाय. नियम त्यो नियम." त्यानं तंबाखूवर थाप मारली. "आता तुमी आत हायच, तर घ्या की माप."

टेप माझ्या पँटच्या खिशात असतो, हे त्यालाही माहीत होतं.

उकिडवा बसून मी मोजायला लागलो. लांबीची भिंत आठ फूट. टेपचं एक टोक धरायला माणूस नव्हता, त्यावर विटेचा तुकडा ठेवला. तो चकचकीत पत्रा बघून उपअभियंता धावली आणि टोचायला लागली. अधीक्षक खाली उतरून टेपवरच उभी राहिली. खात्यात मोजमापाच्या वेळी वरिष्ठ जागेवर हजर असावेत असा दंडकच आहे, पण तो कधी पाळला गेल्याचं मला आठवत नव्हतं. मी आकडे मोठ्यानं सांगत होतो आणि गवंडी खिळ्यानं बाहेरच्या गिलाव्यावर ते कोरत होता. आठ गुणिले चार, दोनदा. पाच गुणिले चार, दोनदा. एकूण एकशे चार. वजा खिडकी नऊ, वजा दार चार.

"किती आलं?" त्यानं विचारलं.

"एक्क्याण्णव."

तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. "मी पंच्याऐंशीच लावलं हुतं की. सहा फूट माझंच कमी पडलं. ऱ्हाऊ द्या, सोडून द्या."

इथे मला राहवलं नाही. गुडघे कानाशी आलेले, डोक्यावर टरफलं, पाठीवर अधीक्षक, अशा अवस्थेत मी त्याला बजावलं, की मोजमापात जेवढं भरेल तेवढंच देयक निघेल, एक फूट कमी नाही की जास्त नाही. तीस रुपये दरानं दोन हजार सातशे तीस. त्यानं तोही आकडा भिंतीवर कोरला आणि जाळीपाशी तोंड आणून म्हणाला, "सही?" मी जाळीतून बोट काढून बघितलं. अर्ध्या इंचाच्या जाळीतून माझं करंगळीचं टोकच जेमतेम बाहेर आलं. त्यावर त्यानं मळलेल्या तंबाखूचा चुना लावला आणि आकड्याखाली ठसा घेतला.

मग कडी काढली. आत जाताना श्वास सोडून जमलं होतं. बाहेर येताना भीतीनं की काय, छाती आत जाईना. त्यानं दोन्ही हात धरून ओढलं. त्याच वेळी भजनाहून बायको आली. टाळ हातात, कपाळाला बुक्का. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गवंड्याकडे.

"काय चाललंय?"

"मोजमाप चाललं हुतं, वैनी," गवंडी म्हणाला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

"शर्ट काढून?"

"आत लई गरम हुतं."

तिनं डब्यातून पैसे आणून त्याला मोजून दिले. त्यानं परत मोजले. जाता जाता तिनं विचारलं, "आणि त्या मुंगसाचं काय झालं? पाइप बुजवला?"

मी मागे वळून पाहिलं. घमेलं पालथं, सिमेंट टरफलांत मिसळलेलं, अर्धी वीट कठड्याखाली, आणि पाइप जसाच्या तसा उघडा. मी तिला सांगू लागलो, की मोरी वरच्या अंगानं बंद करणं तांत्रिकदृष्ट्या का आवश्यक असतं. ती ऐकता ऐकता खुराड्याच्या मागे गेली, कुंपणापाशी पडलेली एक अख्खी वीट उचलली आणि बाहेरून पाइपाच्या तोंडाला लावून पायानं सारखी केली.

गवंडी दाराशी थांबला होता. त्यानं कानावरचा खिळा पुन्हा हातात घेतला.

"वीट लावने, एक नग. वैनींच्या नावावं लिहू का?"